निद्रानाशावरचा पहिला उपचार आणि तो फोनवरून पोहोचवण्याची धडपड

जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार कोणता द्यायचा, याबद्दल डॉक्टरांच्या जाणत्या संस्थांमध्ये आता फारसा वाद उरलेला नाही. २०१६ साली अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं लेखी शिफारस केली की प्रौढ माणसाला आधी सीबीटी-आय द्यावी. तेवढ्यानं भागलं नाही तरच, रुग्णाशी नीट बोलून, थोड्या काळापुरता गोळीचा विचार करावा. पुढच्याच वर्षी युरोपातल्या निद्रा-संशोधकांच्या संस्थेनंही हेच सांगितलं. सीबीटी-आय म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी फॉर इन्सोम्निया. झोपेभोवतीच्या सवयी आणि झोपेबद्दलचे विचार बदलून झोप परत आणणारी, काही आठवड्यांची ठरलेली उपचारपद्धती.

आता आपल्या घरांत काय दिसतं? अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, झोल्पिडेम ही झोपेसाठी घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांची नावं आजीच्या डब्यातसुद्धा सापडतात. सीबीटी-आय हे नाव मात्र अनेक वर्षं गोळी घेणाऱ्यांनीही ऐकलेलं नसतं. याचा दोष एकट्या डॉक्टरांवर ढकलता येत नाही. ओपीडीत बाहेर तीस माणसं बसलेली असताना एका रुग्णाला आठवड्याला पाऊण तास, असे सहा आठवडे कोण देणार? हा उपचार देण्याचं खास शिक्षण घेतलेले तज्ज्ञ अमेरिकेतही शेकड्यांत मोजण्याइतके आहेत, आणि तेही मोठ्या शहरांत. भारतात तर लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञसुद्धा नाही. उपचार माहीत आहे, त्याचा गुण माहीत आहे, पण तो द्यायला माणसंच नाहीत. ही तूट भरून काढण्यासाठी गेली पंधरा-वीस वर्षं संगणक आणि फोन वापरून पाहिले जात आहेत. त्यातून काय हाती लागलं आणि कुठे अडलं, हे समजून घेण्याजोगं आहे. पण त्याआधी मूळ उपचार नीट कळायला हवा, नाहीतर ॲपच्या नावाखाली काय विकलं जातंय ते ओळखता येणार नाही.

झोप गेली का आणि परत का येत नाही

एखाद-दुसरी रात्र जागून काढावी लागली तर तो आजार नव्हे. आठवड्यातून किमान तीन रात्री, किमान तीन महिने झोप लागत नसेल, मधेच मोडत असेल किंवा फार लवकर जाग येत असेल, पुरेशी संधी असूनही हे होत असेल आणि त्याचा दिवसाच्या कामावर परिणाम होत असेल, तर त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात. साधारण दहा प्रौढांमागे एकाला तो असतो.

तो कसा जडतो हे अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ आर्थर स्पीलमन यांनी १९८०च्या दशकात फार सुबक मांडलं. काही माणसं मुळातच हलक्या झोपेची किंवा काळजी करणारी असतात. त्यात एखादा प्रसंग येतो: बाळंतपण, नोकरी जाणं, घरातलं आजारपण, कुणाचं जाणं. झोप उडते. इथवर सगळं स्वाभाविक आहे. खरी गोम पुढे आहे. झोप भरून काढायची म्हणून माणूस नऊलाच अंथरुणावर पडतो. सकाळी जाग आली तरी ‘जरा डोळे मिटून पडतो’ म्हणत तास काढतो. दुपारी झोपतो. रात्री दर अर्ध्या तासानं घड्याळ बघतो, अजून किती तास उरले याचा हिशोब करतो. प्रसंग सरतो, बाळ मोठं होतं, नवी नोकरी लागते, पण या सवयी मागे राहतात आणि निद्रानाश त्यांच्यावर पोसला जातो. सीबीटी-आय या तिसऱ्या गोष्टीवर घाव घालते. म्हणून दहा वर्षं जुना निद्रानाशही काही आठवड्यांत हलू शकतो. मूळ कारण खोदून काढण्याची प्रत्येक वेळी गरज पडत नाही.

उपचाराचा पहिला भाग १९७२ साली रिचर्ड बूट्झिन यांनी मांडला. अंथरूण फक्त झोपेसाठी (आणि शरीरसंबंधासाठी). त्यावर बसून टीव्ही नाही, हिशोब नाही, जेवण नाही, काळजी करत लोळणं नाही. झोप येतेय असं वाटेल तेव्हाच पडायचं. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही, तर उठायचं, बाजूला जाऊन मंद उजेडात काहीतरी साधं करायचं आणि डोळे जड झाले की परत यायचं. वीस मिनिटं अंदाजानं, घड्याळ न बघता. सकाळी उठण्याची वेळ रोज एकच, रविवारीसुद्धा. अंथरुणाला पाठ टेकताच मेंदू जागा होण्याची जी खोड लागलेली असते, ती यातून हळूहळू सुटते.

दुसरा भाग स्पीलमन यांचा, १९८७ सालचा, आणि सगळ्या उपचाराचा कणा तोच आहे. झोप येत नाही म्हणून अंथरुणातला वेळ वाढवायचा नाही, उलट कमी करायचा. ऐकताना हे क्रूर वाटतं, म्हणून एक उदाहरण नीट मांडतो.

समजा, सोलापुरातल्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. रात्री दहाला आडव्या होतात, सकाळी साडेसहाला उठतात. म्हणजे अंथरुणात साडेआठ तास. आठवडाभर रोज सकाळी त्या वहीत अंदाजे नोंद करतात: कधी पडले, झोप लागायला किती वेळ गेला, मधे किती जागी होते, कधी उठले. सरासरी झोप निघते साडेपाच तास. साडेआठ तासांतले साडेपाच, म्हणजे सुमारे ६५ टक्के. उरलेला वेळ तळमळण्यात जातो. आता त्यांना सांगितलं जातं की अंथरुणात साडेपाच तासच राहायचं. उठण्याची वेळ सहा ठरली, तर पडायचं रात्री साडेबाराला. त्याआधी कितीही पेंग आली तरी नाही, आणि दुपारची वामकुक्षी या काळात बंद. पहिले काही दिवस कठीण जातात. डोळे चुरचुरतात, चिडचिड होते. पण झोपेलाही भुकेसारखी चढ असते. दिवसभर मधेमधे काही खाल्लं नाही की रात्रीचं जेवण जातं, तसं जागरण साचलं की झोप गाढ आणि सलग लागू लागते. पुढच्या आठवड्यात त्या साडेपाच तासांपैकी ४ तास ५० मिनिटं झोपल्या, तर प्रमाण होतं ८८ टक्के. ८५च्या वर गेलं की बक्षीस म्हणून पंधरा मिनिटं वाढवायची: आता सव्वाबाराला पडायचं. पुढच्या आठवड्यात पुन्हा हिशोब. असं करत करत त्यांची खरी गरज जितकी आहे तिथे येऊन थांबायचं. अंथरुणातला वेळ साधारण पाच तासांच्या खाली कधीच नेत नाहीत.

तिसरा भाग विचारांचा. ‘आठ तास झालेच पाहिजेत’, ‘आज झोपले नाही तर उद्याचा दिवस वाया’, ‘माझ्या मेंदूचं काहीतरी बिघडलंय’ अशा वाक्यांची तपासणी. रात्री तीन वाजता ही वाक्यं अगदी खरी वाटतात. सकाळी कागदावर लिहून, मागच्या महिन्यातल्या खऱ्या दिवसांशी ताडून पाहिली की त्यांचा जोर उतरतो. याच्या जोडीला शरीर सैल सोडण्याचे, श्वासाचे व्यायाम असतात.

आणि चौथं म्हणजे झोपेचं पथ्य: संध्याकाळनंतर चहा-कॉफी नको, खोलीत अंधार हवा, फोन लांब ठेवा वगैरे. वर्तमानपत्रांतले लेख बहुतेक इथेच सुरू होतात आणि इथेच संपतात. पथ्य पाळू नये असं कुणी म्हणत नाही. पण निद्रारोगतज्ज्ञांच्या अमेरिकन संस्थेनं २०२१ साली स्पष्टच सांगितलं की जुनाट निद्रानाशावर नुसतं पथ्य हा एकमेव उपचार म्हणून देऊ नये. मला हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो. वर्षानुवर्षं पथ्य पाळून थकलेला माणूस ‘मी सगळं करून पाहिलं’ असं म्हणतो, तेव्हा त्यानं मुख्य उपचाराला हातही लावलेला नसतो. कुणी त्याला तो सांगितलेलाच नसतो.

हा उपचार फोनवर का मावतो

मानसोपचाराच्या सगळ्याच पद्धती यंत्राच्या हाती देता येत नाहीत. दुःख, हिंसा, नात्यांतली गुंतागुंत ऐकायला समोर माणूसच लागतो. सीबीटी-आयचं वेगळेपण असं की तिचा मोठा भाग नियमांचा आणि आकडेमोडीचा आहे. रोजची नोंद, आठवड्याची सरासरी, टक्केवारी, पंधरा मिनिटं वाढवायची की थांबायचं, हा निर्णय ठरलेल्या नियमानं होतो. यंत्र हे काम न थकता करू शकतं. शिवाय रात्री दोन वाजता अंथरुणातून उठायचं की नाही हा प्रश्न पडतो तेव्हा तज्ज्ञ उपलब्ध नसतो, फोन असतो. (हो, तोच फोन जो लांब ठेवा म्हणतात. म्हणून चांगली ॲप नोंद सकाळी मागतात, रात्री नाही.)

ब्रिटनमध्ये ग्लासगो आणि नंतर ऑक्सफर्डला शिकवणारे प्राध्यापक कॉलिन एस्पी यांनी पीटर हेम्स यांच्या साथीनं ‘स्लीपिओ’ हा कार्यक्रम उभा केला. त्यात सहा सत्रं असतात आणि चित्रातले एक प्राध्यापक आपल्या कुत्र्यासोबत ती घेतात. २०१२ साली १६४ लोकांवरच्या त्याच्या चाचणीचे निष्कर्ष छापून आले. चाचणीची रचना नेटकी होती. एका गटाला खरा कार्यक्रम दिला. दुसऱ्याला दिसायला तसाच पण उपचाराचा गाभा नसलेला कार्यक्रम दिला. तिसऱ्याचे नेहमीचे उपचार चालू ठेवले. खऱ्या कार्यक्रमाचा गट दोघांच्या स्पष्ट पुढे गेला. म्हणजे गुण पडद्यावरच्या रंगीत चित्रांचा नव्हता, आतल्या उपचाराचा होता.

अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठात ‘शटआय’ नावाचा कार्यक्रम तयार झाला. २०१७ साली ३०३ प्रौढांवरच्या त्याच्या चाचणीत वर्षभरानंतर कार्यक्रम घेतलेल्यांपैकी सुमारे ५७ टक्के लोक निद्रानाशाच्या व्याख्येतूनच बाहेर पडले होते. ज्यांना वेबसाइटवरून नुसती माहिती दिली होती त्यांच्यात हे प्रमाण बरंच कमी होतं. नॉर्वेत याच कार्यक्रमाची नॉर्वेजियन आवृत्ती १७२१ लोकांवर तपासली गेली आणि २०२० साली तिचेही निकाल चांगले आले. समोरासमोर बसून दिलेला उपचार सहसा याहून थोडा सरस ठरतो. पण तुलना खरं तर त्याच्याशी करायचीच नसते, कारण बहुतेकांना तो मिळणारच नसतो. त्यांच्यासमोर पर्याय असतो तो गोळी, पथ्याचा कागद किंवा काहीच नाही.

गोळीबद्दलही इथेच सांगतो. झोल्पिडेम आणि त्याच्या भावंडांच्या वेष्टनावर अमेरिकी औषध प्रशासनानं २०१९ साली सर्वांत कडक इशारा छापायला लावला, कारण काही लोक त्या गुंगीत चालणं, स्वयंपाक करणं, गाडी चालवणं अशा गोष्टी करत होते आणि त्यांना त्याची आठवण राहत नव्हती. पुढच्या वर्षी अल्प्राझोलामच्या कुळातल्या औषधांवर सवय लागण्याबाबतचा इशारा आणखी कडक झाला. वयस्कर माणूस रात्री बाथरूमला उठला आणि तोल गेला, तर खुब्याचं हाड मोडतं. भारतात अल्प्राझोलाम आणि झोल्पिडेम ‘एच-१’ यादीत आहेत, म्हणजे दुकानदारानं चिठ्ठीशिवाय देऊ नयेत आणि विक्रीची वेगळी नोंद ठेवावी असा नियम आहे. तो सगळीकडे किती पाळला जातो, हे वाचकांना मी सांगायची गरज नाही.

जगभरात दरवाजा कुणी कसा उघडला

ॲप तयार झालं म्हणजे ते लोकांपर्यंत पोहोचलं असं होत नाही. पैसे कोण देणार हा प्रश्न असतो, आणि देशोदेशीची उत्तरं वेगळी आहेत.

जर्मनीचं उत्तर मला सगळ्यांत सरळ वाटतं. तिथे २०१९च्या शेवटी कायदा झाला की तपासून मान्यता दिलेलं ॲप डॉक्टरांनी औषधासारखं चिठ्ठीवर लिहून द्यावं आणि खर्च आरोग्य विम्यानं उचलावा. अशा ॲपच्या सरकारी यादीत २०२०च्या ऑक्टोबरात आलेल्या पहिल्या काही नावांत निद्रानाशावरचं ‘सॉम्निओ’ होतं. रुग्ण चिठ्ठी विमा कंपनीला पाठवतो, कंपनी एक कोड देते, तो घातला की ॲप उघडतं. जर्मनीत नोकरीनिमित्त राहणाऱ्या आणि तिथल्या सार्वजनिक विम्यात असलेल्या मराठी माणसांनी आपल्या घरच्या डॉक्टरांना याबद्दल जरूर विचारावं.

ब्रिटनमध्ये औषधं आणि उपचार तपासणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेनं मे २०२२मध्ये स्लीपिओची शिफारस केली. ज्यांना एरवी पथ्याचा कागद किंवा झोपेच्या गोळ्या दिल्या असत्या अशांना हे द्यावं, त्यानं खर्चही वाचतो, असं तिनं म्हटलं. सोबत अटही घातली: गर्भवती स्त्रिया आणि इतर आजार असलेल्यांची आधी वैद्यकीय तपासणी व्हावी.

अमेरिकेची गोष्ट धडा घेण्यासारखी आहे. शटआयवरून बनवलेल्या ‘सॉमरिस्ट’ला मार्च २०२० मध्ये औषध प्रशासनाची परवानगी मिळाली. डॉक्टरांनी लिहून द्यायचं ॲप. विज्ञान भक्कम, परवानगी हातात. पण विमा कंपन्या पैसे द्यायला फारशा तयार झाल्या नाहीत आणि ते विकणारी ‘पेअर थेराप्युटिक्स’ कंपनी एप्रिल २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली. ॲप दुसऱ्या कंपनीनं विकत घेतलं. दुसरीकडे, त्याच देशात माजी सैनिकांच्या सरकारी विभागानं ‘सीबीटी-आय कोच’ आणि ‘इन्सोम्निया कोच’ ही दोन ॲप मोफत दिली. पहिलं तज्ज्ञाच्या उपचारासोबत वापरायचं, दुसरं स्वतःहून. युद्धावरून परतलेल्यांत निद्रानाश फार, म्हणून सरकारनंच हे काम हाती घेतलं. झोपेसारख्या रोजच्या गरजेचा उपचार एखाद्या कंपनीच्या ताळेबंदावर टांगलेला असू नये, असं हा इतिहास पाहिल्यावर मला ठामपणे वाटतं.

अर्ध्यावर सुटलेली माणसं

आता अडचणीची बाजू. ब्रिटनमधल्या २६ विद्यापीठांतल्या ३७५५ विद्यार्थ्यांवर स्लीपिओची एक मोठी चाचणी झाली, २०१७ साली तिचे निकाल आले. झोप सुधारल्यावर विनाकारण संशय घेणं, भास होणं यांसारख्या मानसिक त्रासांतही घट होते का, हे त्यात पाहायचं होतं, आणि घट झाली. पण त्याच चाचणीतला दुसरा आकडा मला जास्त बोलका वाटतो. ज्यांना कार्यक्रम दिला त्यांच्यापैकी निम्म्यांनीच दोन किंवा अधिक सत्रं उघडली. सहाही सत्रांपर्यंत पोहोचले ते १८ टक्के. आणि हे तरुण, शिकलेले, फोन-लॅपटॉप हाताळणारे विद्यार्थी होते.

यात नवल नाही. झोप कमी करण्याचा भाग दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात येतो आणि तो जड जातो. त्या क्षणी कुणीतरी ‘हे असंच होतं, अजून पाच दिवस तग धरा’ असं म्हणावं लागतं. पडद्यावरच्या प्राध्यापकाला ‘नाही जमत’ म्हणायची गरज नसते, ॲप बंद केलं की झालं. म्हणून मधेमधे माणसाचा फोन किंवा साधा निरोप येत राहिला तर लोक जास्त टिकतात. हा माणूस मानसोपचारतज्ज्ञच हवा असंही नाही. इंग्लंडमधल्या ३५ दवाखान्यांत ६४२ रुग्णांवर झालेल्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत साध्या परिचारिकांना थोडं प्रशिक्षण दिलं. त्यांनी चार छोट्या भेटींत झोपेच्या वेळेची आखणी रुग्णांना शिकवली. सहा महिन्यांनंतरही फरक टिकून होता.

दुसरी अट म्हणजे कार्यक्रमातलं जग वापरणाऱ्याचं असलं पाहिजे. शटआयच्या पहिल्या चाचण्यांतले लोक बहुतांशी गोरे आणि शिकलेले होते. नंतर संशोधकांनी तोच कार्यक्रम अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांसाठी नव्यानं बसवला: त्यांच्या आयुष्यातले प्रसंग, त्यांच्यासारख्या स्त्रियांचे व्हिडिओ, त्यांच्या ताणांचा उल्लेख. ३३३ स्त्रियांवरच्या या चाचणीत मूळ आणि नवी अशा दोन्ही आवृत्त्यांनी झोप सुधारली, पण नवी आवृत्ती पूर्ण करणाऱ्या स्त्रिया अधिक निघाल्या. आणि ज्यांनी कार्यक्रम पूर्ण केला त्यांना गुणही अधिक आला.

मराठी घरात हे कसं बसेल

वर ज्यांची नावं आली त्यांपैकी एकही कार्यक्रम मराठीत नाही. नुसतं भाषांतर करूनही भागणार नाही, कारण सूचना ज्या घराला गृहीत धरतात ते घर आपलं नाही.

‘झोप आली नाही तर दुसऱ्या खोलीत जा.’ मुंबईतल्या दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं झोपतात, तिथे दुसरी खोली कुठली? पण इथे आपल्याकडे एक सोयही आहे. ज्यांची अंथरुणं रात्री पसरतात आणि सकाळी गुंडाळून माळ्यावर जातात, त्यांच्याकडे बूट्झिन यांचा नियम अर्धा आधीच पाळला जातो: दिवसा त्या अंथरुणावर टीव्ही बघणं शक्यच नसतं. अशा घरासाठी सूचना लिहायची तर ती अशी असेल: अंथरुणावरून उठा, दाराशी चटईवर भिंतीला टेकून बसा, छोटा दिवा लावून वाल सोला, दाणे निवडा, डोळे जड झाले की परत या. कॉटवर बसून जेवणं, अभ्यास आणि पाहुणचार सगळं होतं अशा घरात निदान झोपायची बाजू किंवा चादर वेगळी ठेवता येते.

उठण्याची वेळ अनेक बायकांच्या हातात नसते. नळाला पाणी पाचला येतं, डबे सहाला लागतात. मग वेळेची आखणी त्या पाचपासून मागे मोजत करावी लागते, आणि साडेअकराला पडायचं ठरलं तर ‘आई अजून का जागी?’ या प्रश्नाचं उत्तर घरातल्या सगळ्यांना आधी माहीत असावं लागतं. म्हणून अशा कार्यक्रमात घरच्यांसाठी पाच मिनिटांचा एक भाग हवाच. नवऱ्याला, सुनेला समजावणारा: पुढचे काही आठवडे ही उशिरा झोपणार आहे, दुपारी आडवी होणार नाही, तिला ‘जरा पड’ म्हणू नका.

नोंदीचा प्रश्नही वेगळा. पडद्यावरचे रकाने भरण्यापेक्षा सकाळी फोन यावा आणि ओळखीच्या बोलीत आवाजानं विचारावं, ‘काल किती वाजता आडव्या झालात? रात्रीत किती वेळा जाग आली?’ उत्तर बोलून देता यावं. साध्या बटणाच्या फोनवरही हे चालू शकतं. आणि घरात एकच फोन चौघांत फिरत असेल तर कुणाची काळजी कुणी वाचणार नाही अशी कुलपाची सोय हवी. माणूस केव्हा जागा असतो आणि का, ही फार खाजगी माहिती आहे.

मधला आधार देणारी माणसंही आपल्याकडे शोधली तर सापडतात. आशा ताई, उपकेंद्रातल्या परिचारिका, समुपदेशक. त्यांच्यावर आधीच कामाचा डोंगर आहे, म्हणून हे काम त्यांच्या माथी फुकट मारू नये, वेगळं मानधन द्यावं. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. ती मानसिक आरोग्यासाठीची सर्वसाधारण सेवा आहे, सीबीटी-आयचा कार्यक्रम नाही. पण फोनवरून मराठीत बोलणारे प्रशिक्षित लोक ही सगळ्यांत दुर्मिळ गोष्ट तिथे जमलेली आहे. मराठी कार्यक्रम बनवायचा तर त्याचा मानवी आधार तिथून मिळू शकतो, असं मला वाटतं.

ॲप निवडताना आणि सुरू करण्याआधी

ॲपच्या दुकानात ‘झोप’ शोधलं की पावसाचे आवाज, बासरी, गोष्टी, ध्यान असं बरंच काही येतं. त्यानं बरं वाटत असेल तर ऐकावं, पण ती सीबीटी-आय नव्हे. खऱ्या कार्यक्रमाची खूण सोपी आहे. तो सुरुवातीलाच तुमच्या आजारांची चौकशी करतो, काही दिवस नुसती नोंद मागतो आणि मग तुमच्या आकड्यांवरून तुमची झोपायची-उठायची वेळ ठरवून देतो. त्या विशिष्ट ॲपवर चाचणी झालेली आहे का, हेही विचारावं. ‘आमचं ॲप विज्ञानावर आधारित आहे’ हे वाक्य कुणीही लिहू शकतं. मनगटावरच्या घड्याळाचा झोपेचा आलेख हाही उपचार नाही. निद्रानाश असलेला माणूस सकाळी उठून तो आलेख बघतो आणि चांगली गेलेली रात्रही ‘गाढ झोप चाळीसच मिनिटं’ म्हणून काळजीत बदलून टाकतो. उपचारासाठी वहीतली अंदाजाची नोंद पुरते.

आणि काही जणांनी हा कार्यक्रम एकट्यानं, डॉक्टरांना न विचारता सुरू करू नये. झोप कमी करण्यानं बायपोलर आजारात उन्माद उसळू शकतो, अपस्मारात फिट येऊ शकते, झोपेत चालणाऱ्यांचा त्रास वाढू शकतो. एसटी, ट्रक, रिक्षा चालवणारे किंवा यंत्रावर काम करणारे यांना पहिल्या दोन-तीन आठवड्यांतली पेंग जिवावर बेतू शकते. रात्रपाळी करणाऱ्यांची, अमेरिकेच्या वेळेवर काम करणाऱ्या पुण्यातल्या मुलामुलींची अडचण मुळात वेगळी असते. त्यांचं शरीराचं घड्याळच कामाच्या वेळेशी भांडत असतं. त्यांना तज्ज्ञाकडून वेगळी आखणी हवी. मोठ्यानं घोरणं, झोपेत श्वास अडकणं, दिवसा बसल्याबसल्या डुलकी लागणं असं असेल तर आधी स्लीप ॲप्नियाची तपासणी. मरणाचे विचार मनात येत असतील तर ॲप बाजूला ठेवून त्याच दिवशी माणसाशी बोलावं, १४४१६ वर किंवा जवळच्या डॉक्टरांशी.

रोज गोळी घेत असाल तर ती एकदम बंद करू नका. अचानक थांबवल्यानं काही रात्री झोप आधीपेक्षाही वाईट होते, आणि अल्प्राझोलामसारख्या औषधांत तर फिट येण्यापर्यंत वेळ जाऊ शकते. दोन आठवड्यांची झोपेची नोंद वहीत करा, ती घेऊन डॉक्टरांकडे जा, सीबीटी-आय सुरू करायचं आहे असं नाव घेऊन सांगा आणि गोळीचं प्रमाण टप्प्याटप्प्यानं उतरवण्याचा तक्ता त्यांच्याकडून लिहून घ्या.